पराभवाच्या आकड्यांमागील इतिहास : प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाचा फुटबॉल संघ (१९८९-१९९८)

प्रस्तावना

मराठीतील क्रीडाविषयक लेखन प्रामुख्याने विजेत्या खेळाडूंची चरित्रे आणि गाजलेल्या स्पर्धांची वर्णने या दोन प्रकारांत मोडते. पराभूत संघ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो, याची जाणीव त्यात क्वचितच आढळते. वस्तुतः एखाद्या महाविद्यालयाचा संघ वर्षानुवर्षे का हरतो, या प्रश्नाचा शोध घेऊ लागल्यास अभ्यासकाला मैदान सोडून संस्थेचे अंदाजपत्रक, प्रवेशाचे धोरण, शासनाची अनुदानव्यवस्था आणि समाजातील विषमतेची रचना यांकडे वळावे लागते. या दृष्टीने अमेरिकेतील टेक्सास राज्यातील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे उदाहरण अत्यंत बोलके आहे. नोव्हेंबर १९८९ पासून सप्टेंबर १९९८ पर्यंत हा संघ सलग ८० सामने हरला. अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात इतकी दीर्घ पराभवमालिका अन्य कोणत्याही संघाच्या नावावर नाही.

या मालिकेतील सर्वांत वाईट हंगाम १९९१ चा होता. त्या वर्षी ११ सामन्यांत मिळून या संघाने केवळ ४८ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना ६१७ गुण दिले. अलाबामा स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना ९२-० असा गमावला. तत्कालीन अमेरिकन वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने हे आकडे विनोदाचा विषय म्हणून वापरले. विशेष म्हणजे याच संघाने १९५३ ते १९६४ या काळात कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले होते. अजिंक्यपद ते ९२-० हा प्रवास अवघ्या २७ वर्षांचा आहे. तो कसा घडला, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या पेठांमध्ये ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो अमेरिकेत 'सॉकर' होय. अमेरिकन फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन १०० यार्डांच्या मैदानावर पुढे सरकण्याचा, धक्काबुक्कीला नियमात बसवणारा खेळ आहे. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असतात. परंतु आक्रमण, बचाव आणि चेंडू लाथेने मारण्याचे विशेष प्रसंग यांसाठी निरनिराळे खेळाडू लागत असल्याने संघात साठ-सत्तर खेळाडू असणे सामान्य मानले जाते. संरक्षक साहित्य, प्रवास, वैद्यकीय सेवा, प्रशिक्षकांचा ताफा आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या यांमुळे हा महाविद्यालयातील सर्वांत खर्चिक खेळ ठरतो. पुढील सर्व विवेचनात खर्चाचा हा मुद्दा लक्षात ठेवणे गरजेचे आहे.

संस्थेची स्थापना व तिचे स्थान

अमेरिकन यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकांना परिचित आहे. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, टेक्सासने नवे राज्यसंविधान स्वीकारले आणि कृष्णवर्णीय युवकांसाठी स्वतंत्र कृषी व यांत्रिकी महाविद्यालय स्थापण्याचा निर्णय घेतला. ह्यूस्टन शहराच्या वायव्येस वॉलर परगण्यात असलेला 'आल्टा व्हिस्टा' नावाचा जुना मळा त्यासाठी निवडण्यात आला. ज्या जमिनीवर पूर्वी गुलाम राबत होते, त्याच जमिनीवर मार्च १८७८ मध्ये आठ विद्यार्थ्यांसह महाविद्यालय सुरू झाले. मुक्तीची घोषणा आणि मुक्तीनंतरची व्यवस्था यांत किती अंतर असते, हे या संस्थेच्या पुढील वाटचालीवरून दिसून येते.

महाविद्यालय स्वतंत्र होते, पण ते टेक्सास ए अँड एम या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या नियामक मंडळाच्या अधिपत्याखाली होते. त्याच १८७६ च्या संविधानाने उच्च शिक्षणासाठी स्थायी विद्यापीठ निधी निर्माण केला होता. या निधीच्या मालकीची जमीन पुढे सुमारे २१ लाख एकर इतकी झाली. १९२३ मध्ये या जमिनीवर खनिज तेल सापडले आणि निधी कल्पनातीत वाढला. १९३१ मध्ये त्याचे उत्पन्न टेक्सास विद्यापीठाला दोन तृतीयांश आणि टेक्सास ए अँड एम संस्थेला एक तृतीयांश असे वाटण्याची व्यवस्था झाली. या उत्पन्नात प्रेअरी व्ह्यूला संविधानाने हक्काचा वाटा मिळण्यासाठी १९८४ च्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागली. तेल सापडल्यानंतरच्या साठ वर्षांत शेजारच्या दोन विद्यापीठांची ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि इमारती या निधीतून उभ्या राहिल्या. प्रेअरी व्ह्यूची उपेक्षा ही एखाद्या प्रशासकाच्या दुराग्रहाची बाब नव्हती. ती कायद्याच्या चौकटीत बसवलेली होती आणि म्हणूनच टिकाऊ होती.

विजयाचा काळ आणि त्याचा आधार

१९२० मध्ये टेक्सासमधील सहा कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन 'साउथवेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स' ही क्रीडा परिषद स्थापन केली. प्रेअरी व्ह्यू तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते. १९२९ पासून नववर्षदिनी ह्यूस्टनमध्ये 'प्रेअरी व्ह्यू बोल' हा सामना भरवला जाऊ लागला. गोऱ्या महाविद्यालयांच्या अशा सामन्यांत कृष्णवर्णीय संघांना प्रवेश नसल्याने हा समांतर उत्सव निर्माण झाला होता.

संघाच्या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः प्रशिक्षक बिली निक्स यांना दिले जाते. ते १९४५ ते १९४७ आणि पुन्हा १९५२ ते १९६५ या काळात प्रेअरी व्ह्यूचे प्रशिक्षक होते. १९५३, १९५४, १९५८, १९६३ आणि १९६४ ही पाच अजिंक्यपदे त्यांच्याच कारकिर्दीतील होत. १९५५ मध्ये येथील चार्ली ब्रॅकिन्स हा ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघात क्वार्टरबॅक म्हणून खेळला. कृष्णवर्णीय खेळाडूला या निर्णायक जागेवर उभे करणे त्या काळी जवळजवळ निषिद्ध होते. ओटिस टेलर, केन ह्यूस्टन, क्लेम डॅनियल्स ही पुढे गाजलेली नावेही याच महाविद्यालयाची. डिसेंबर १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे झालेल्या कॅमेलिया बोल या राष्ट्रीय अंतिम सामन्यात प्रेअरी व्ह्यूला मिनेसोटातील सेंट जॉन्स महाविद्यालयाने ३३-२७ असे हरवले. हा पराभव असला तरी कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा संघ गोऱ्या महाविद्यालयाशी बरोबरीच्या नात्याने खेळला, हे त्याचे महत्त्व.

निक्स यांची योग्यता वादातीत आहे. तथापि एकट्या प्रशिक्षकाच्या कर्तृत्वाने हा काळ स्पष्ट होत नाही. त्यामागे एक संपूर्ण शैक्षणिक व्यवस्था उभी होती आणि तिचे केंद्र प्रेअरी व्ह्यू हेच होते. टेक्सासमधील कृष्णवर्णीय माध्यमिक शाळांच्या क्रीडा, वक्तृत्व व संगीत स्पर्धांचे नियमन 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीग' ही संघटना १९२० च्या दशकापासून करत होती. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांच्या सामन्यांसाठी राखीव असे; कृष्णवर्णीय शाळांना त्याच मैदानांवर बुधवारी किंवा गुरुवारी खेळावे लागे. मायकेल हर्ड यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या शाळांच्या इतिहासाला 'थर्सडे नाइट लाइट्स' हे नाव दिले, त्यामागे हेच कारण आहे. या शाळांतील प्रशिक्षकांपैकी अनेक जण स्वतः प्रेअरी व्ह्यूचे पदवीधर होते. खेडोपाडीचा एखादा चपळ मुलगा हेरला गेला की तो कोठे जाणार, हे जणू ठरलेलेच असे. ओटिस टेलर ह्यूस्टनच्या वर्दिंग शाळेतून आला, केन ह्यूस्टन लफकिनच्या डनबार शाळेतून.

दुसरी बाब अधिक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टेक्सासमधील गोऱ्या विद्यापीठांची दारे या मुलांना बंद होती. उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे जाऊ शकणारे थोडेच असत. उरलेली सारी गुणवत्ता प्रेअरी व्ह्यू आणि तिच्यासारख्या मोजक्या संस्थांत एकवटत असे. वर्णभेदाच्या अन्यायातूनच या संघाची शक्ती निर्माण झाली होती, हे विधान अप्रिय असले तरी ते टाळून या इतिहासाचे आकलन होणे शक्य नाही.

वर्णभेद संपल्यानंतर

१९५० च्या स्वेट विरुद्ध पेंटर आणि १९५४ च्या ब्राऊन खटल्यांच्या निर्णयांनी शिक्षणातील वर्णभेदाचा कायदेशीर पाया ढासळला. प्रत्यक्षात टेक्सासमधील मैदाने बदलायला आणखी दशकभर लागले. १९६६ मध्ये जेरी लेव्हायस हा सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाकडून खेळू लागला; साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो बोमाँट शहरातील हेबर्ट या कृष्णवर्णीय शाळेचा विद्यार्थी होता. दहा वर्षांपूर्वी असा मुलगा बहुधा प्रेअरी व्ह्यूला आला असता. १९७० मध्ये ज्युलियस व्हिटियरच्या रूपाने टेक्सास विद्यापीठाच्या मुख्य संघातही पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला. त्याच वर्षी प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीगचे अस्तित्व संपले आणि तिच्या शाळा राज्याच्या एकाच संघटनेत विलीन झाल्या.

विलीनीकरण हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. अनेक गावांत दोन शाळांची एक शाळा झाली, तेव्हा बंद पडली ती कृष्णवर्णीयांची शाळा. तिचे नाव, तिचे चषक, तिचे मुख्याध्यापक आणि तिचे प्रशिक्षक यांना नव्या व्यवस्थेत क्वचितच स्थान मिळाले. ब्राऊन निर्णयानंतरच्या सुमारे दशकभरात दक्षिणेकडील व सीमेवरील १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांना नोकरी गमवावी लागली, असा अंदाज अमेरिकन शिक्षणविषयक साहित्यात वारंवार दिला जातो. प्रेअरी व्ह्यूच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जे पदवीधर शाळाशाळांतून तिच्यासाठी विद्यार्थी पाठवत, त्यांची साखळीच तुटली.

मात्र प्रेअरी व्ह्यूच्या पतनाला वर्णभेदाचा अंत हेच एकमेव कारण देणे योग्य होणार नाही, आणि बऱ्याच लोकप्रिय लेखनात हीच चूक होते. त्याच परिषदेतील अन्य संस्थांनी हाच बदल अनुभवला; तरीही जॅक्सन स्टेटमधून वॉल्टर पेटन, ग्रॅम्बलिंगमधून डग विल्यम्स, मिसिसिपी व्हॅली स्टेटमधून जेरी राइस आणि अल्कॉर्न स्टेटमधून स्टीव्ह मॅकनेअर असे खेळाडू १९७० ते १९९० च्या दशकांत घडले. ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वाधिक विजयांचा तत्कालीन विक्रम मोडला. डॅलसच्या कॉटन बोल मैदानावरील तो ३२४ वा विजय त्यांनी प्रेअरी व्ह्यूविरुद्धच मिळवला, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल. एकाच क्रीडा परिषदेतील दोन संस्था, पण एकीचे नाव विक्रमवीर म्हणून आणि दुसरीचे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून नोंदले गेले. प्रेअरी व्ह्यूचा १९७६ नंतर एकही हंगाम असा नव्हता, ज्यात विजय पराभवांहून अधिक होते. १९८९ मधील मालिका सुरू होण्यापूर्वी तेरा वर्षे ही घसरण चालू होती.

१९९० : न खेळलेला हंगाम

१९८९ च्या अखेरीस निवृत्त लेफ्टनंट जनरल ज्युलियस बेक्टन यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षपदाची सूत्रे घेतली. ते याच विद्यापीठाचे पदवीधर. अमेरिकन लष्करात एका कोअरचे नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय अधिकारी आणि त्यानंतर केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे संचालक असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्यासमोर आलेल्या विद्यापीठाच्या आर्थिक चित्रात क्रीडा विभागाचे व्यवहार विशेष चिंताजनक होते. हिशेबातील अनियमितता व तूट यांमुळे १९९० मध्ये त्यांनी फुटबॉलसह बहुतेक खेळ स्थगित केले.

हा निर्णय कठोर होता, पण अनाकलनीय नव्हता. ज्या संस्थेत वर्गखोल्या व वसतिगृहे यांच्या दुरुस्तीचा प्रश्न उभा आहे, तेथे खेळाच्या तुटीवर पांघरूण घालणे कोणत्याही जबाबदार प्रशासकाला शक्य नव्हते. संस्थेवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची चर्चा करताना तिच्या स्वतःच्या प्रशासनातील दोष झाकण्याची गरज नाही. दीर्घकाळ अपुऱ्या साधनांवर चालणाऱ्या संस्थांत हिशेबाची शिस्तही अनेकदा ढासळते, याचा अनुभव अन्यत्रही येतो. गंमत अशी की १९९० मध्ये एकही सामना न खेळल्याने त्या वर्षी संघ हरलाही नाही. विक्रमांच्या पुस्तकात ते वर्ष रिकामे राहते आणि मालिका १९८९ वरून थेट १९९१ वर उडी घेते.

१९९१ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू झाला तो क्रीडा शिष्यवृत्तीविना. ही एकच बाब पुढील सात वर्षांच्या निकालांचा उलगडा करण्यास बव्हंशी पुरेशी आहे. प्रेअरी व्ह्यू ज्या गटात खेळत होते, त्या गटातील विद्यापीठांना १९९० च्या दशकाच्या मध्यास ६३ खेळाडूंच्या पूर्ण खर्चाइतक्या शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. परिषदेतील स्पर्धक या मुभेचा आपापल्या कुवतीनुसार उपयोग करत. त्यांच्यासमोर उभे राहणारे प्रेअरी व्ह्यूचे विद्यार्थी शुल्क व वसतिगृहाचा खर्च स्वतः, कर्ज काढून अथवा सर्वसाधारण शासकीय साहाय्यावर भागवत होते. त्यांतील बहुतेकांना अन्य विद्यापीठांनी निवडले नव्हते. शनिवारी ६०-७० गुणांनी हरून सोमवारी वर्गात बसायचे आणि त्याच आठवड्यात पुन्हा सरावाला यायचे, असा त्यांचा क्रम होता. १९९२ ते १९९७ या सहा हंगामांचे तपशील येथे स्वतंत्रपणे देण्याचे कारण नाही. प्रत्येक हंगामाचा विजयाचा रकाना शून्य होता.

कोलंबिया आणि नॉर्थवेस्टर्न : एक तुलना

पराभवमालिका केवळ गरीब संस्थांच्याच वाट्याला येतात असे नाही. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न हे संपन्न खासगी विद्यापीठ १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरले. मिनेसोटातील मॅकॅलेस्टर या छोट्या महाविद्यालयाची मालिका ५० सामन्यांची होती आणि ती १९८० मध्ये संपली. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ १९८३ ते १९८८ दरम्यान ४४ सामन्यांत विजयाविना राहिले आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रिन्स्टनला १६-१३ असे हरवून त्यातून सुटले. प्रेअरी व्ह्यूने हे सर्व आकडे मागे टाकले.

यांपैकी कोलंबियाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे, कारण कोलंबियाही क्रीडा शिष्यवृत्ती देत नव्हते. मग शिष्यवृत्तीचा अभाव हे प्रेअरी व्ह्यूच्या पराभवाचे कारण कसे मानायचे, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. कोलंबिया ज्या आयव्ही लीग समूहाचे सदस्य आहे, त्यातील आठही विद्यापीठांनी क्रीडा शिष्यवृत्ती न देण्याचे आपसात ठरवले होते. तेथे निर्बंध सर्वांना समान होता, आणि कोलंबियाचे पराभव म्हणूनच खेळातील अपयश म्हणता येतात. प्रेअरी व्ह्यूचा निर्बंध एकट्याचा होता. शर्यतीत सर्वांनी अनवाणी धावणे आणि एकाने अनवाणी धावणे यांतील फरक गुणफलकावर दिसत नाही.

दुसरा फरक प्रतिक्रियेचा. नॉर्थवेस्टर्नची मालिका १९८२ मध्ये संपली तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी गोलखांब उखडून मिशिगन सरोवरात फेकले. त्या विद्यापीठाची पदवी, त्याची देणगीदार मंडळी, त्याचा शैक्षणिक दर्जा यांवर फुटबॉलमधील अपयशाने ओरखडाही उठला नाही. म्हणून तेथे पराभव हा विद्यार्थ्यांचा खेळकर अभिमानही होऊ शकला. प्रेअरी व्ह्यूच्या बाबतीत मात्र संघाच्या अपयशावरून संपूर्ण संस्थेची, आणि पुष्कळदा अप्रत्यक्षपणे संपूर्ण समाजाची, पात्रता ठरवली जाण्याचा धोका होता. त्या काळातील विनोदांकडे या नजरेने पाहिल्यास त्यातील निरागसपणा बराच कमी होतो. येथून अभियंते, परिचारिका, शिक्षक आणि लष्करी अधिकारी मोठ्या संख्येने घडत होते. वृत्तपत्रांतील आठवड्याच्या निकालात त्याला जागा नव्हती.

बँडपथक आणि प्रेक्षक

इतके हरणाऱ्या संघाचे सामने पाहण्यास कोण जात असेल, असा प्रश्न साहजिक आहे. येथे 'मार्चिंग स्टॉर्म' या विद्यापीठाच्या बँडपथकाचा उल्लेख करावा लागतो. कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सामन्यांत मध्यंतरातील बँडचे संचलन हे खेळाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे असते. प्राध्यापक जॉर्ज एडवर्ड्स यांच्या मार्गदर्शनाखालील हे पथक देशभर नावाजलेले होते. प्रेक्षक मध्यंतरापर्यंत येत, पथकाचे वादन व नृत्य पाहत आणि मग अनेक जण घरी परतत. डॅलसला राज्य जत्रेच्या काळात ग्रॅम्बलिंगशी होणाऱ्या सामन्यालाही माजी विद्यार्थी, त्यांची कुटुंबे आणि गावकरी मोठ्या संख्येने जमत. त्यांच्या दृष्टीने सामना हा वार्षिक मेळावा होता.

विद्यापीठाच्या सामूहिक जीवनात फुटबॉलचे स्थान काय होते, हे यावरून कळते. आर्थिक तर्काने पाहता १९९१ मध्ये संघ पुन्हा उभारण्याऐवजी तो कायमचा बंद करणे सोयीचे होते. तसे केले असते तर शनिवारचा मेळावा, पथकाचे व्यासपीठ आणि माजी विद्यार्थ्यांशी असलेला जिवंत संबंध हे सारेच गेले असते. शिष्यवृत्तीविना संघ मैदानात उतरवणे हे खेळाडूंवर अन्यायकारक होते, आणि तरीही संस्थेच्या दृष्टीने ते सर्वस्वी अयोग्य होते असे म्हणता येत नाही. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यांतील ताण त्या सात वर्षांत अखेरपर्यंत सुटला नाही. निर्णय विद्यापीठाने घेतला आणि त्याची किंमत १८ ते २२ वर्षांच्या मुलांनी दिली, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

सप्टेंबर १९९८

१९९८ च्या हंगामाचे प्रारंभीचे सामनेही संघ हरला होता. १९ सप्टेंबर रोजी बोमाँट येथे सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराच्या सुमारास दोन्ही विद्यापीठांच्या बँडपथकांतच हाणामारी झाली. परिषदेने दोन्ही पथकांवर दोन सामन्यांची बंदी घातली. संघाच्या अपयशाच्या काळात विद्यापीठाचा मान राखणारे पथकच आता वादात सापडले.

पुढचा सामना २६ सप्टेंबर रोजी ओक्लाहोमा सिटी येथे लँगस्टन विद्यापीठाशी होता. लँगस्टन हेही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ. प्रेअरी व्ह्यूने सामन्यात आघाडी घेतली, परंतु अखेरीस लँगस्टनने टचडाऊन करून अंतर दोन गुणांवर आणले. टचडाऊनचे सहा गुण मिळाल्यावर संघाला एका अतिरिक्त प्रयत्नाची संधी असते. त्यात चेंडू हाती घेऊन पुन्हा रेषा ओलांडल्यास दोन गुण मिळतात. तो प्रयत्न यशस्वी झाला असता तर बरोबरी झाली असती. प्रेअरी व्ह्यूच्या बचावफळीने तो अडवला आणि सामना १४-१२ असा जिंकला. ऑक्टोबर १९८९ च्या अखेरीस मिसिसिपी व्हॅली स्टेटला हरवल्यानंतरचा हा पहिला विजय होता. त्या विजयाच्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली मुले आता संघात होती. ज्या बँडपथकाने शेकडो पराभूत तास सुसह्य केले, ते मात्र बंदीमुळे या विजयाच्या वेळी मैदानात नव्हते.

या विजयाची बातमी देशभर पोहोचली. ज्या वृत्तपत्रांनी नऊ वर्षे संघाची थट्टा केली, त्यांनीच आता जिद्दीची कथा छापली. दोन्ही प्रकारच्या वृत्तांतांत शिष्यवृत्तीचा अंदाजपत्रकीय प्रश्न, १९७० मध्ये विसर्जित झालेली शालेय संघटना आणि तेलनिधीतील नाकारलेला वाटा यांना फारसे स्थान नव्हते. जिद्दीची कथा सांगणे सोपे असते. अनुदानाचा इतिहास सांगण्यास जागा लागते आणि वाचकाचा संयमही.

एका विजयाने परिस्थिती पालटली नाही. पुढील काही हंगामांतही पराभवांचेच पारडे जड राहिले. १९९९ मध्ये बिली निक्स यांचा महाविद्यालयीन फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. संघाचा खरा उत्कर्ष प्रशिक्षक हेन्री फ्रेझियर यांच्या काळात झाला. २००७ मध्ये ७ विजय व ३ पराभव अशी कामगिरी नोंदवून संघाने १९७६ नंतरचा पहिला विजयी हंगाम पूर्ण केला. २००९ मध्ये ९ विजय व एक पराभव अशी कामगिरी झालेल्या हंगामात बर्मिंगहॅम येथील अंतिम सामन्यात अलाबामा ए अँड एम विद्यापीठाला ३०-२४ असे हरवून प्रेअरी व्ह्यूने परिषदेचे अजिंक्यपद मिळवले. ते १९६४ नंतर ४५ वर्षांनी आले होते. २०१६ मध्ये जुन्या ब्लॅकशिअर मैदानाच्या जागी सुमारे १५,००० प्रेक्षकांचे नवे क्रीडागार खुले झाले. त्या जुन्या मैदानाची क्षमता सुमारे ६,००० होती.